इनासचं नाक

इनास पाववाला धुराने गेला, असं आमच्या वाडीत अजून सांगतात. काहीजण विडीने गेला म्हणतात. इनासने जन्मात विडीला हात लावला नाही. धुराचं म्हणाल तर भट्टीच्या धुरात तो लहानाचा मोठा झाला आणि धुराने त्याचं काही वाकडं केलं नाही. मी चौथीत पाटी सोडली, पुढचं आयुष्य होडीवर आणि जाळ्यांत गेलं, लिहिणं हे माझं काम नव्हे. पण काय झालं ते मी जवळ बसून बघितलं आहे. लोक खोटं सांगतात ते ऐकून घेण्यापेक्षा वाकड्या अक्षरात का होईना, खरं लिहिलेलं बरं.

त्याचं घर आणि भट्टी एकाच भिंतीला. भिंत चिऱ्याची, भट्टीचा घुमट त्याच्या आजोबाने बांधलेला. आजोबा माडाची माडी घालून पीठ फुगवायचा, इनासच्या वेळेला यीस्टची डबी आली, बाकी काही बदललं नाही. पहाटेचा पाव टोपलीत भरून सायकलवरून वाडी-वाडीत जायचा आणि भोंग्याचा पों-पों आवाज आला की आमच्याकडची पोरं चहाचे कप घेऊन पायरीवर बसायची. कडक पाव, गोल उंडे, नाताळच्या आधी बांगडीसारखी कांकणं. रविवारी मात्र भट्टी थंड. पाहुणे आले असोत, लग्न असो, रविवारी पाव मिळणार नाही ही आजोबापासूनची रीत. रविवारी इनास पांढरा शर्ट घालून बायकोबरोबर, रोजाबरोबर, चर्चमध्ये जायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे किनाऱ्यावर येऊन बसायचा. मी हिंदू, तो क्रिस्ती, पण दोघांनाही मोरी मासा आणि वाद घालणं सारखंच आवडायचं.

माणूस बुटका, हात मात्र त्याच्या उंचीला न शोभणारे. पीठ मळून मळून मनगटं अशी झाली होती की घड्याळाचा पट्टा बसायचा नाही. भुवया पिठाने कायम पांढऱ्या. लग्नात रोजाला वाटलं, नवरा म्हातारा गाठला. अंघोळ करून आला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. हे ती स्वतः सगळ्यांना सांगायची आणि तो हसायचा. मळलेल्या पिठाचा डोंगर झाकण्याआधी तो हाताच्या कडेने त्यावर क्रूस काढायचा आणि ओल्या फडक्याने असा झाकायचा जसं निजलेल्या पोराला पांघरूण घालावं.

पण इनास म्हणजे त्याचं नाक. पोतं उघडलं की पहिली चिमूट नाकाशी. नुसती धरायची नाही, तपकीर ओढतात तशी खरोखर आत ओढायची. डोळे मिटायचे, थोडं थांबायचं, मग निकाल. त्याच्या बापाने हेच शिकवलं आणि बापाला त्याच्या बापाने. "पीठ खोटा बोलणा नाय," तो म्हणायचा. "बोलता तो माणूस." एकदा कणकवलीहून मैद्याची पोती घेऊन टेम्पो आला. माल अजून वरच होता. इनास टेम्पोच्या मागून नुसता चालत गेला, थांबला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तळचा पोता परत ने. तेका ओल लागलेली आसा."

ड्रायव्हर हसला. "काका, शिवण तरी उसवा. बंद पोत्यातला कसा कळला तुमका?"

"तुझ्या बायलेन आज सुंगटा केल्यान काय?"

"हो, डब्यात कोळंबी आसा."

"तू माका डबो उघडून दाखवलंस काय?"

पोतं उसवलं. तळाशी गोळे झालेले, हिरवट. नंतर तो ड्रायव्हर प्रत्येक खेपेला हटकून डबा लपवायचा आणि इनास हटकून ओळखायचा. बरोबर आलं की दोन्ही हात वर करून स्वतःच टाळ्या वाजवायचा.

त्या नाकाने त्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. नाकाने इमानेइतबारे काम केलं. जरा जास्तच केलं.

सुरुवात शिंकांनी झाली. सोमवारी सकाळी सुरू व्हायच्या आणि ओळीने यायच्या. डोळ्यांना पाणी, नाक लाल. मंगळवारी कमी, पण छाती जड. शनिवारपर्यंत रात्रीचा खोकला. आणि रविवारी चर्चमध्ये बघाल तर इनास ठणठणीत, गाण्यात सगळ्यांच्या वर आवाज. संध्याकाळी माझ्याकडे आला की मासे भाजायला बसायचा, धुरात तोंड घालून, एक शिंक नाही. सोमवारी पुन्हा तेच. वाडीत विनोद झाला. "इनासच्या नाकाक सुद्धा सोमवारी कामाचो कंटाळो येता." तो स्वतः मला म्हणायचा, "गणू, मेल्या, देवाक माझी भक्ती पावली. चर्चात गेलंय की बरो होतंय."

सगळं तिथेच लिहिलेलं होतं. रविवारी बरा, सोमवारी आजारी. आमच्यातल्या कोणाला ते वाचता आलं नाही. समुद्राचा रंग बघून माशांचा थवा कुठे आहे ते सांगणारी माणसं आम्ही.

मग श्वासात शिट्टी आली. चालताना, सायकल ढकलताना. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की धुराने छाती भरली. रोजा म्हणाली, तिचा भाऊ म्हणाला, औषध देणारा वैद्य म्हणाला. धूर डोळ्यांना दिसतो ना, म्हणून दोष त्याचा. रोजाने हुकूम काढला. मी तेव्हा दारातच उभा होतो.

"आजपासून भट्टीच्या तोंडार उभो रवाचा नाय. धूर माझ्यार सोड. तू आत बस. पीठ चाळ, मळ, गोळे कर."

इनास मला म्हणाला, "बघलंस? आमका बढती गावली. आता राजासारखो बसून पीठ चाळतलंय."

आतली खोली म्हणजे पिठाची खोली. तिला एकच खिडकी आणि ती बंद, कारण वारा लागला की गोळ्यांना साल धरते. चाळण फिरली की हवेत पीठ उठायचं आणि खाली बसायला तासभर लागायचा. कौलांच्या फटीतून ऊन यायचं त्यात ते तरंगताना दिसायचं. फार सुंदर दिसायचं. अशा खोलीत प्रेमाने, काळजीने, दार लोटून आम्ही त्याला बसवला. भट्टीच्या तोंडाशी निदान वारा होता. धुरातून काढून त्याला जिथे ठेवला तिथे त्याचा मारेकरी चोवीस तास हजर होता. पुढचं वर्ष तो तिथे बसला आणि त्या वर्षात जे गेलं ते परत आलं नाही.

एकदा त्याचे ओठ निळे झाले तेव्हा त्याला गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. रोजाला भट्टी सोडवेना, मी बरोबर गेलो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी, आमच्या नातीच्या वयाची, पण बोलणं स्वच्छ. तिने इनासच्या हातावर पेनाने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब ठेवला. धुळीचा, बुरशीचा, झुरळाचा, गवताच्या फुलाचा, कुत्र्याच्या केसाचा, आणि एक पिठाचा. प्रत्येक थेंबातून सुईने नुसतं टोचलं, रक्तसुद्धा आलं नाही. मग बसून राहायचं. इनास हाताकडे बघून म्हणाला, "रापणीच्या जाळ्यात बघूया आज काय गावता."

बाकी सगळे थेंब सुकले. एक जागा लाल झाली, मग गांधील चावल्यासारखी फुगली, मग तिच्या कडा पसरल्या. डॉक्टरने खूण वाचली. इनासने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला ती बोलायच्या आधी कळलं.

"पीठ?"

"गव्हाचं पीठ," ती म्हणाली.

तिने पुढे जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शरीरात राखणे, म्हणजे राखणदार, असतात. बाहेरून जंतू आला की त्याला ओळखायचा आणि मारायचा, हे त्यांचं काम. पिठाचा कण जंतू नाही, त्याच्याशी यांचं भांडण नाही. वर्षानुवर्षं तो नाकातून जातो आणि राखणे त्याला जाऊ देतात. पण एखाद्या माणसात, एखाद्या दिवशी, का ते कोणालाच नक्की ठाऊक नाही, राखणे ठरवतात की हा चोर. त्या दिवशी बाहेर काहीच दिसत नाही. शिंक नाही, खोकला नाही. राखणे फक्त चेहरा लक्षात ठेवतात आणि त्या एकाच चेहऱ्याला पकडतील असे बारीक गळ तयार करतात. ते गळ नाकाच्या आणि छातीच्या अस्तरात बसलेल्या पेशींना लागून राहतात. त्या पेशी म्हणजे जत्रेतले शोभेच्या दारूचे नळे समजा, भरून, वात लावून ठेवलेले. पुढच्या वेळी तो कण आला, गळाला लागला, की नळा फुटतो. आतून जे सांडतं त्याने अस्तर सुजतं, पाणी सुटतं, श्वासाच्या नळ्या आवळतात. कण एवढासा, डोळ्याला न दिसणारा. तो काहीच करत नाही. जे करतं ते आपलंच शरीर.

मी म्हटलं, "बाई, म्हणजे उंदीर दिसला म्हणून घराला आग लावायची?"

"तसंच, आजोबा," ती म्हणाली.

इनास इतका वेळ ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने पिशवीत हात घातला आणि रोजाने वाटेत खायला दिलेला कडक पाव बाहेर काढला. डॉक्टरच्या समोर, टेबलावर कागद पसरलेले असताना, त्याने तो मोडला आणि खायला लागला. सगळा पाव संपवला. कोपऱ्यातली नर्स तोंडाला हात लावून बघत होती.

"बघा," तो शुद्ध भाषेत म्हणाला. सरकारी माणसासमोर तो नेहमी शुद्ध बोलायचा. "रोज खातो. काही होत नाही. तुमचा थेंब चुकला."

डॉक्टर हसली नाही, रागावलीही नाही. "थेंब चुकला नाही. पाव भाजला की पीठ बदलतं. आणि पोटाचे राखणे वेगळे असतात. ते अजून पिठाला घरचं समजतात. तुम्ही आयुष्यभर पाव खाऊ शकाल. पण पीठ हुंगू शकणार नाही."

"औषध?"

"सूज उतरवायला आहे, पंप आहे. तो घ्यायलाच हवा. पण पंप मारून पिठात बसलात तर उपयोग नाही. पिठापासून लांब जायचं."

"राखण्यांक समजावता येणा नाय?" शुद्ध भाषा सुटली. "की बाबांनो, हो चोर नव्हे?"

"काही गोष्टींसाठी तशी इंजेक्शनं असतात, थोडं थोडं देऊन सवय लावायची. तुमची छाती आत्ता ज्या अवस्थेत आहे तिथे मी तो धोका घेणार नाही. आणि काका, ते एकदा शिकले की सहसा विसरत नाहीत."

बसमध्ये तो बांदा येईपर्यंत हातावरची ती खूण चोळत होता. मग म्हणाला, "एकाच आंगात दोन पंचायती रे, गणू. पोटाची म्हणता पीठ घरचा. नाकाची म्हणता चोर. आणि मी खंय जाव तक्रार घेऊन?"

तो ऐकला नाही, हे सांगायला नकोच. मुलगा जहाजावर, त्याला भट्टी नको होती. दुसऱ्या कोणाच्या हाती पीठ द्यायला इनास तयार नव्हता. नाकाला फडकं बांधायचा, पंप मारायचा आणि मळायला बसायचा. फडकं घामाने भिजलं की काढून टाकायचा. आणि नवं पोतं आलं की फडकं खाली करून चिमूट नाकाशी न्यायचाच. रोजाने एकदा त्याचा हात धरला. "मरशीत मेल्या." तो म्हणाला, "हुंगल्याशिवाय पाव करूचो? मगे तो पाव न्हय, सिमेंट." पण हुंगून त्याला काही कळत नव्हतं. आतून सगळं सुजलेलं, वास केव्हाच गेला होता. तरी डोळे मिटायचा, थांबायचा आणि निकाल द्यायचा, "बरां आसा." रोजा मान हलवायची. बुरशी धरलेलं एक पोतं त्याने तसंच बरं ठरवलं, ते तिने गुपचूप परत पाठवलं आणि आम्ही तिघेही त्याविषयी बोललो नाही.

मग एका सकाळी तो पीठ मळायच्या काथवटीवरच पडला. हॉस्पिटलातून परत आणला तेव्हा उंबऱ्यातच त्याला पुन्हा धाप लागली. साऱ्या घरात पीठ. वाश्यांवर, कपड्यांच्या घड्यांत, देवमातेच्या तसबिरीच्या चौकटीवर, किती पिढ्यांचं. ते घर पुसून निघणारं नव्हतं. तेव्हा मी त्याला माझ्या मांगरात आणला, किनाऱ्यावर जाळी ठेवायचा माझा जुना मांगर आहे तिथे. खाट टाकली, जाळी बाहेर काढली.

जायच्या आधी त्याने रोजाकडून वचन घेतलं. "भट्टी थंड केलंस तर मी मेलंय असा समज." ती भट्टी चालू ठेवत होती. मळायला दोन बायका आल्या, पाव पूर्वीसारखा होत नव्हता, पण होत होता. आणि भट्टी चालू म्हणजे रोजाच्या अंगावर पीठ आलंच. केसांत, नखांत, कानामागे. अंघोळ करून, साडी बदलून आली तरी कुठेतरी राहायचंच.

म्हणून त्यांच्या भेटीचं गणित वाऱ्याने ठरवलं. सकाळी आमच्याकडे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे. ती त्या वेळी आली तर वारा तिच्याकडून त्याच्याकडे. दुपारनंतर खारा वारा सुटतो, समुद्रावरून, तेव्हा ती यायची. जेवणाचं ताट दगडावर ठेवायची, दहा पावलं मागे जाऊन सुरूच्या झाडाखाली बसायची. तो जेवायचा आणि दोघं ओरडून संसार करायची.

"कडी जाड झाली गो!"

"मगे ये आणि तू कर!"

"यीस्ट कोणतो आणलंस?"

"गप जेव!"

कधी घाईत ती सकाळीच यायची. तो समुद्राकडे तोंड करून बसलेला असायचा, पाठ वाडीकडे. वाळूत पाय वाजत नाही. ती सुरूपाशी पोचली की याला शिंक. मागे न बघता म्हणायचा, "रोजा इली." ती तिथूनच मागे फिरायची. एकदा मला म्हणाली, "गणूदा, लोकांचे घोव बायलेक पावलांवरसून वळखतत. माझो शिंकेवरसून वळखता." हसत होती. मग तोंड फिरवलं.

आणि रोज सकाळी, मतलई वारा भट्टीकडून यायचा त्या वेळी, इनास मला एकच विचारायचा. "वास येता काय रे?"

"येता," मी म्हणायचो. यायचाच. भाजत्या पावाचा वास साऱ्या किनाऱ्यावर पसरायचा.

"मगे बरां."

त्याला स्वतःला तो वास येत नव्हता. माझ्या नाकाने घ्यायचा.

मांगरात राहून शिंका थांबल्या. मला वाटलं, चला, आता सुधारेल. पण छाती काही ऐकेना. आता थंड वारा लागला तरी धाप, सुकवायला घातलेल्या मासळीशेजारून गेला तरी धाप, हसला तरी धाप. एकदा पेटलेले राखणे आता सावलीवरही धावून जात होते. डॉक्टर म्हणाली, उशीर झाला. तेवढंच म्हणाली. पाऊस जवळ आला, हवा जड झाली, तसा तो रात्री बसूनच काढायला लागला.

मे महिना संपत आला तेव्हा रोजा माझ्या घरी आली. "गणूदा, मी भट्टी बंद करतंय."

मी म्हटलं, "त्याने काय सांगितलं ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आसा. पाव खाणारे खंयचोय खातले. पण माझो घोव दहा पावलांवर मरतलो आणि मी सुरूखाली बसान बघतलंय? तेका सांगू नको."

तिने भट्टीतली राख काढली. पिठाची पोती देऊन टाकली. दोन्ही बायकांना घरी पाठवलं. घर धुतलं, तीनदा धुतलं. केस कापले, मानेपर्यंत. कपडे जाळले आणि बहिणीकडून आणलेला झगा घातला, ज्या घरात कधी पीठ मळलं गेलं नव्हतं त्या घरातला. हे सगळं तिने आधी सांगितलं नाही, तिला बघितलं तेव्हा मला अर्धं कळलं, उरलेलं तिने मागाहून सांगितलं.

ती सकाळी आली. मुद्दाम सकाळी, मतलई वारा असताना. मी मांगराच्या दारात जाळं शिवत होतो. इनास खाटेवर, उशांना टेकून, समुद्राकडे तोंड. खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. ती सुरूपाशी आली, थांबली. वाट बघत होती. मग एक पाऊल पुढे आली, आणखी एक. वारा तिच्या पाठीवरून त्याच्याकडे जात होता. ती खाटेच्या मागे येऊन उभी राहिली, हात लांब केला असता तर त्याच्या केसांना लागला असता इतकी जवळ. किती महिन्यांनी.

त्याला कळलं नाही.

"गणू," तो म्हणाला. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबत होता. "आज रोजा... नाय दिसता इली."

मी तिच्याकडे बघितलं. तिने बोट ओठांवर ठेवलं.

"वास येता काय रे?"

वाऱ्याला मातीचा वास होता, सुकटीचा होता. बाकी कसलाच नव्हता.

"येता," मी म्हटलं.

"मगे बरां," इनास म्हणाला आणि डोळे मिटले. रोजा त्याच्या मागे उभी होती. मी जाळं खाली ठेवून एका शिंकेची वाट बघत बसलो. शिंक आली नाही.